लंडन सोडून बोलू: इंग्लंडातल्या लहान गावांमधलं बालपण आणि तिथला इतिहास

चाफेकळी
आपल्याकडे इंग्लंड म्हटलं की लंडन, आणि फार तर लेक डिस्ट्रिक्टमधलं वर्ड्सवर्थचं घर. कुठलंही प्रवासवर्णन काढा, तेच. पण साठ-सत्तरच्या दशकात आपले जे डॉक्टर, नर्सेस, इंजिनियर तिकडे गेले त्यातल्या कितीतरी जणांना नोकरी मिळाली ती जिथे तिथल्या डॉक्टरांनाच जायचं नसायचं अशा ठिकाणी. कोळशाच्या खाणींची गावं, कापडगिरण्यांची गावं, धुरकट बंदरं. त्यांची मुलं तिथेच वाढली आणि मी त्यातलीच एक.

डरहॅम काउंटीत ईझिंग्टनजवळच्या एका खाणगावात बाबांची सर्जरी, म्हणजे दवाखाना होता. खाण समुद्राखाली मैलोनमैल गेलेली. खाणीतला टाकाऊ माल सरळ किनाऱ्यावर ओतायचे त्यामुळे आमचा समुद्रकिनारा काळा होता, मला कितीतरी वर्षं समुद्राची वाळू अशीच असते असं वाटायचं. खाणकामगारांना पगाराबरोबर कोळसा मिळायचा, तो घरासमोर रस्त्यावरच ढीग करून टाकून जायचे आणि शाळेतून आल्यावर आम्ही पोरं कुणाच्याही घरचा ढीग आत लोटायला जायचो. बाबांच्या वेटिंग रूममध्ये कायम खोकला ऐकू यायचा, छातीत धूळ बसलेली माणसं. ईझिंग्टनच्या खाणीत १९५१ च्या मे महिन्यात स्फोट झाला होता, ८३ माणसं गेली, त्यातले दोघे तर वाचवायला खाली उतरलेले. ही गोष्ट मला शाळेत कुणी शिकवली नाही. बाबांच्या पेशंट असलेल्या एका आजीबाईंनी आमच्या स्वयंपाकघरात बसून सांगितली, त्यांचा भाऊ त्यात होता.

जुलैत डरहॅम शहरात गाला, म्हणजे खाणकामगारांचा मेळावा असायचा, प्रत्येक खाणीचा आपला बॅनर आणि आपला ब्रास बँड. ज्या खाणीत त्या वर्षी माणूस गेला असेल तिच्या बॅनरवर काळं कापड. खाणकामगारांच्या ८४ च्या संपात मी प्रायमरीत होते. बायकांनी वेल्फेअर हॉलमध्ये सगळ्या गावासाठी स्वयंपाक चालवला होता, आईने एक दिवस मोठं पातेलं भरून मसालेभात नेला, तो संपला आणि पुढच्या आठवड्यात परत मागणी आली. ईझिंग्टनची खाण १९९३ ला बंद झाली. आता तिथे गवत आहे, किनारा साफ केलाय. हे सगळं लिहून ठेवलं पाहिजे असं मनापासून वाटतं. तर तुम्ही कुठल्या गावात वाढलात, आणि त्या गावाचा कुठला इतिहास तुमचा स्वतःचा झाला? लंडन नको प्लीज :)

नदीकाठ
सुंदर धागा. वाचत्येय. मसालेभाताला परत मागणी, वा!

गिरणगावकर
माझं बालपण लँकेशरमधल्या बोल्टनला. वडील व्हीजेटीआयमधून टेक्स्टाइल शिकून आलेले, आजोबा परळच्या गिरणीत जॉबर, म्हणजे घरात दोन्हीकडचा भोंगा. लँकेशरमध्ये वेक्स वीक नावाचा प्रकार होता. प्रत्येक गावाचा आठवडा ठरलेला, त्या आठवड्यात गावातल्या सगळ्या गिरण्या बंद, बॉयलर साफ करायचे, दुरुस्त्या करायच्या, आणि अख्खं गाव ट्रेनने ब्लॅकपूलला. दुकानंसुद्धा बंद. आज बोल्टन तर पुढच्या आठवड्यात दुसरं गाव, म्हणजे ब्लॅकपूलवाल्यांचा धंदा उन्हाळाभर चालायचा. चिमण्यांचा धूर बंद झाला की लांबचे डोंगर दिसायचे, ते दिसले की आम्हा मुलांना कळायचं सुट्टी लागली. आपल्या गिरणगावात होळी-गणपतीला कोकणात जायचे तसंच की.

आणि इतिहास म्हणाल तर तो थेट मुंबईशी जोडलेला आहे. १८६१ ला अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिकडचा कापूस यायचा बंद झाला आणि लँकेशरमध्ये लाखो लोक बेकार, अन्नछत्रांसमोर रांगा. मग हिंदुस्थानचा कापूस आणला, त्याला इथे सरसकट 'सुरत' म्हणायचे. तो आखूड धाग्याचा, मागावर सारखा तुटायचा, तुटला की विणकराची मजुरी बुडायची, त्यामुळे लोक त्याच्या नावाने बोटं मोडायचे. त्याच चार वर्षांत मुंबईत पैशाचा पूर आला, शेअरचा सट्टा, समुद्र भरून जमीन काढायच्या कंपन्या, आणि १८६५ ला युद्ध संपल्यावर सगळं कोसळलं. प्रेमचंद रायचंद बुडाले त्यातच, पण राजाबाई टॉवरचे पैसे त्याआधी देऊन झाले होते. बोल्टनमधली उपासमार आणि मुंबईतला टॉवर हे एकाच गोष्टीचे दोन भाग आहेत हे मला चाळिशीत कळलं. दोन्ही गावांत शिकलो तरी दोन्ही शाळांनी सांगितलं नाही.

कडूलिंब
माहिती छान आहे पण मला एक विचारायचंय. या गिरण्या उभ्या राहिल्या त्या आपल्या विणकरांच्या जिवावर. आपला कच्चा माल न्यायचा आणि तयार कापड आपल्यालाच विकायचं. मग त्या गावांबद्दल इतकं हळवं का व्हायचं? बेकारी त्यांच्याकडे आली तर अन्नछत्र निघालं, आपल्याकडे दुष्काळात काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे.

रेवती_म
कडूलिंब, प्रश्न बरोबर आहे. पण याचं उत्तर त्याच भागात सापडतं. १९३१ च्या सप्टेंबरमध्ये गोलमेज परिषदेला आलेले गांधीजी मुद्दाम लँकेशरला गेले, डार्वेनला. परदेशी कापडावरच्या बहिष्काराचा फटका तिथल्या गिरण्यांना बसलेला, माणसं घरी बसलेली. त्यांनी कामगारांना तोंडावर सांगितलं की तुमचं दुःख मला दिसतंय पण माझ्या देशातल्या गरिबीपुढे ते लहान आहे, बहिष्कार मागे घेणार नाही. आणि तरी त्या गिरणीतल्या बायकांनी त्यांना मध्ये घेऊन हात उंचावून हसत फोटो काढला. तो फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो, तो कुठल्या गावातला हे माहीत नसतं. मी डार्वेनपासून जवळ ब्लॅकबर्नला वाढले. शेजारच्या म्हाताऱ्या बाई त्या वेळी लहान मुलगी होत्या आणि वडिलांच्या खांद्यावर बसून बघायला गेल्या होत्या. मी 'इंडियन' म्हणून त्यांनी मला ती गोष्ट किती वेळा सांगितली असेल! हळवं व्हायला मला तरी तेवढं पुरेसं आहे. मालक वेगळे आणि मागावर उभी राहणारी बाई वेगळी.

कडूलिंब
मालक आणि कामगार वेगळे, हे मान्य. पण नफ्यातून उभे राहिलेले टाउन हॉल बघताना माझ्या पोटात कालवतं ते कालवतंच.

गिरणगावकर
कालवायलाच हवं. बोल्टनचा टाउन हॉल बघताना माझ्याही पोटात कालवतं. आणि त्याच्या पायऱ्यांवर खेळल्याची आठवणही येते. दोन्ही खरं आहे.

दुधाळ_चहा
कुणाला शाळेतलं दूध आठवतंय का? काचेची छोटी बाटली, एक तृतीयांश पाइंट. थंडीत दूध गोठून वर झाकण उचललेलं असायचं आणि बाई ते वितळायला हीटरशेजारी ठेवायच्या, मग कोमट आंबूस दूध. १९७१ ला थॅचरबाई शिक्षणमंत्री असताना सात वर्षांवरच्या मुलांचं बंद केलं. सगळा देश चिडला, आमच्या वर्गात मात्र टाळ्या.

सह्यपठार
आम्ही शेफिल्डला होतो, शाळेची सहल दरवर्षी डर्बीशरमधल्या ईम गावाला. १६६५ ला लंडनहून शिंप्याकडे कापडाचा गठ्ठा आला, त्यात पिसवा, आणि थोड्याच दिवसांत शिंप्याकडचा कामगार प्लेगने गेला. पुढच्या उन्हाळ्यात गावाच्या रेक्टरने, म्हणजे चर्चच्या पाद्रींनी, विल्यम मॉम्पेसन त्यांचं नाव, गावाला तयार केलं की कुणी बाहेर जायचं नाही, रोग आपल्यापाशीच थांबवायचा. शीवेवर एक दगड आहे, त्याला खड्डे पाडलेत. खड्ड्यात व्हिनेगर ओतून त्यात नाणी ठेवायची आणि बाहेरच्या गावचे लोक तिथे अन्न ठेवून नाणी घेऊन जायचे. चर्च बंद, प्रार्थना उघड्यावर एका घळीत. साधारण चौदा महिन्यांत २६० माणसं गेली. एका बाईने आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं स्वतः पुरली, शेतातलं ते लहानसं कुंपण अजून आहे. आम्ही नऊ-दहा वर्षांची मुलं त्या दगडाच्या खड्ड्यात बोटं घालून बघायचो, आणि बसमध्ये परत येताना कुणी बोलायचं नाही.

घरी येऊन सांगितलं तर आजी म्हणाली यात काय, आमच्या पुण्यात पण. तिच्या आईने १८९७ चा प्लेग बघितलेला. घरात उंदीर पडला की गाव सोडून माळावर झोपड्या बांधून राहायचं. सोल्जर घरात घुसून तपासायचे, बायकांच्या अंगाला हात लावायचे, देवघरात बुटाने जायचे, आणि मग रँडचा खून, चाफेकरांना फाशी. म्हणजे तोच रोग, आणि एका ठिकाणी लोकांनी स्वतः दार लावून घेतलं, दुसऱ्या ठिकाणी सरकारने दार फोडलं. ईमची गोष्ट मला आजीमुळे जास्त कळली.

मिरजमळा
सह्यपठार, छान लिहिलंय. पण एक बाजू राहिली. त्या मॉम्पेसननी स्वतःची दोन मुलं गाव बंद व्हायच्या आधीच यॉर्कशरला पाठवून दिली होती. ज्याच्याकडे पैसे आणि नातेवाईक तो बाहेर, आणि खाणीत, शेतात राबणारा आत. 'गावाने स्वखुशीने त्याग केला' हे वाक्य मला नेहमी खटकतं. त्याग करणाऱ्यांतल्या किती जणांना जायला दुसरी जागा होती?

सह्यपठार
मुलं पाठवली हे खरं, पण बायको मागे राहिली आणि ऑगस्टमध्ये तीही गेली. शिवाय गाव नव्या रेक्टरचं ऐकायला तयार नव्हतं, म्हणून त्यांनी आधीच्या, हकालपट्टी झालेल्या पाद्रींना, थॉमस स्टॅन्लींना सोबत घेतलं. दोघांचे पंथ एकमेकांच्या विरोधातले. मला त्या गोष्टीत सगळ्यात मोठं हेच वाटतं की दोन न पटणारी माणसं एकत्र उभी राहिली. स्वखुशी किती आणि नाइलाज किती हे कुणी मोजू शकणार नाही, पण जे घडलं ते लहान नव्हतं.

दुधाळ_चहा
रिंगा रिंगा रोझेस हे गाणं त्या प्लेगवरचंच ना? शिंका येऊन धपकन पडायचं वगैरे.

मिरजमळा
नाही हो. ते गाणं एकोणिसाव्या शतकाआधी छापलेलं कुठे मिळत नाही आणि प्लेगशी त्याची सांगड घातली गेली ती विसाव्या शतकात, दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास. लोककथांचे अभ्यासक ते मानत नाहीत. तरी प्रत्येक सहलीत प्रत्येक गाइड सांगतो :)

अक्का_नाशिक
शेफिल्डचा विषय निघालाच आहे तर तिथलं जवळचं लेडीबावर धरण. मुलगा तिथे असतो म्हणून मी गेले होते २०२२ च्या उन्हाळ्यात. धरण आटलं होतं आणि खाली डरवेंट गावाचे दगड दिसत होते, भिंतींच्या ओळी, कुणाच्या तरी दाराचा चौथरा. शेजारच्या शहरांना पाणी हवं म्हणून १९४० च्या दशकात डरवेंट आणि अॅशॉप्टन ही दोन गावं बुडवली. चर्चचा मनोरा तेवढा वर ठेवला होता, पण पोरं पोहत जायला लागली म्हणून १९४७ ला तोही उडवला. स्मशानातले मृतदेह आधी काढून दुसरीकडे पुरले. लोक येऊन सेल्फी काढत होते, मला काही सुचेना. माझं माहेर उजनीच्या काठचं. भीमेचं पाणी उतरलं की पळसदेवचं देऊळ वर येतं, आम्ही सगळे जाऊन पाया पडून येतो. आमच्या आत्याचं घर त्याच पाण्यात आहे. इंग्लंडात पण माणसांनी धरणासाठी घरं सोडली असतील हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं. तिथल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांशी बोलले, मुलाने भाषांतर केलं. त्यांची आई डरवेंटची. ते म्हणाले १९७६ च्या दुष्काळात आई स्वतः येऊन आपली गल्ली दाखवून गेली होती. आम्ही दोघं बराच वेळ तिथेच बसलो.

नदीकाठ
अक्का 🙏

वाटसरू_कऱ्हाड
७६ चा उन्हाळा! आम्ही नॉर्थँप्टनशरमध्ये होतो. रस्त्याच्या कडेला नळ बसवलेले, बादल्या घेऊन रांगा, आणि सगळीकडे लेडीबर्ड किडे, आइस्क्रीमवर, केसांत, शर्टात. शेजारचे गोरे हवालदिल झालेले आणि माझी आई दोन बादल्यांत चार माणसांची आंघोळ, भांडी आणि धुणं उरकून दाखवत होती. आमच्या गल्लीत आईला एकदम मान आला, बायका विचारायला यायच्या. सरकारने दुष्काळमंत्री नेमला आणि थोड्याच दिवसांत धो धो पाऊस.

पाण्यावरून आठवलं. ऑक्सफर्डशरमध्ये स्टोक रो नावाचं गाव आहे, तिथे रस्त्याच्या कडेला चक्क सोनेरी हत्ती आणि घुमट असलेली विहीर आहे. बनारसच्या महाराजांनी बांधून दिली. त्या भागात वाढलेले रीड नावाचे अधिकारी आपल्याकडे होते, त्यांनी महाराजांना सांगितलं की आमच्या डोंगरावर पाण्याचे इतके हाल की घरातलं शेवटचं पाणी प्यायलं म्हणून पोराला मार बसतो. महाराजांना ते लागून राहिलं. ३६८ फूट खोल, रुंदी फक्त चार फूट, सगळी हाताने खणली, १८६४ ला खुली झाली. खर्चासाठी शेजारी चेरीची बागसुद्धा लावून दिली. कडूलिंब, तुमच्यासाठी मुद्दाम सांगतोय, या हिशोबात एक नोंद उलट्या बाजूलाही आहे.

कडूलिंब
वाटसरू, हे खरंच माहीत नव्हतं. पुढच्या वेळी बघून येणार.

इंद्रायणीकाठची
आम्ही स्लाऊला. सगळे नाक मुरडतात त्या गावाला, पण १९३२ ला मार्स बार पहिल्यांदा तिथेच बनला आणि वारा बरोबर असला की शाळेच्या मैदानात चॉकलेटचा वास यायचा. हॉर्लिक्सची लाल विटांची फॅक्टरी आणि तिचं घड्याळ स्टेशनवरून दिसायचं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे विल्यम हर्शेल तिथे राहायचे, युरेनस शोधणारे. घराच्या आवारात ४० फूट लांब दुर्बीण, राजे लोक बघायला यायचे. बहीण कॅरोलाइन रात्र रात्र थंडीत बसून नोंदी करायची, तिने स्वतः आठ धूमकेतू शोधले. ते घर साठच्या दशकात पाडलं. मग रस्त्याला नाव दिलं आणि शॉपिंग सेंटरचं नाव ऑब्झर्व्हेटरी ठेवलं. मला अजून राग येतो.

काळी_पाटी
मला इतकं गोड आठवत नाही, तेही इथे असू द्या. वेस्ट मिडलँड्समधलं एक लोखंडकामाचं गाव, १९७८-७९. शाळेतून घरी यायचे दोन रस्ते, जवळचा मी कधी घेतला नाही कारण त्या कोपऱ्यावर मोठी पोरं उभी असायची. वडील फाउंड्रीत रात्रपाळीला, हातावर भाजल्याचे डाग. गावात आता लहानसं म्युझियम आहे, तिथे साखळ्या आणि कुलपं बनवणाऱ्यांची अवजारं, फोटो सगळं आहे. शेवटचा फोटो १९५५ च्या सुमाराचा. त्यानंतर भट्टीसमोर कोण उभं होतं? पंजाबी, जमैकाचे, आणि माझ्या वडिलांसारखे मोजके मराठी. त्यांचा एकही फोटो नाही. चाफेकळी, तुम्ही विचारलंत ना कुठला इतिहास तुमचा झाला. माझं म्हणणं आहे आम्ही त्या इतिहासाचे झालो का, ते आधी विचारा.

चाफेकळी
काळी_पाटी, लिहिलंत हे फार बरं केलंत. तुमचा प्रतिसाद वाचून धाग्याचा प्रश्नच मला नीट कळला. यावर एक ठोस गोष्ट सांगते. इंग्लंडची जनगणना १०० वर्षांनी खुली होते. १९२१ ची २०२२ मध्ये खुली झाली. १९३१ चे कागद युद्धकाळात आगीत जळाले आणि १९४१ ला जनगणना झालीच नाही, म्हणजे यानंतरची मिळणार ती १९५१ ची, २०५२ मध्ये. आपले आईवडील ज्यात आहेत ती १९६१ आणि ७१ ची २०६२ आणि २०७२ ला. तोवर त्यांचं त्या गावात असणं म्हणजे आपल्या कपाटातले कागद. म्हणून वडिलांचे पगाराचे पेपर, फाउंड्रीचा पास, फोटो, काही असेल तर स्कॅन करा आणि काउंटीच्या रेकॉर्ड ऑफिसला विचारा, ते असे कागद घेतात, आठवणी रेकॉर्डसुद्धा करतात. म्युझियमलाही एक पत्र टाका, १९५५ नंतरचे फोटो आमच्याकडे आहेत म्हणून. मी बाबांच्या अपॉइंटमेंटच्या जुन्या डायऱ्या, पेशंटची नावं झाकून, द्यायच्या म्हणत्येय.

काळी_पाटी
पास आहे. वडिलांचा फोटो असलेला. आईकडे ट्रंकेत आहे, या रविवारी काढतो.

गिरणगावकर
आणि वडील असतील तर त्यांना बोलतं करा हो, मोबाईल समोर ठेवून. माझे गेले तेव्हा स्पिंडलबद्दल विचारायचं राहून गेलं.

रेवती_म
लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, त्यांच्या जुन्या अंकांत लहान गावांतल्या लोकांचे उल्लेख सापडू शकतील का? कुणी चाळलेत का?

खाडीवरचा
उशिरा आलो. हल या बंदराच्या शहराबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. आमच्या इथे टेलिफोन बूथ लाल नव्हते, क्रीम रंगाचे, कारण फोन शहराच्या स्वतःच्या मालकीचे. हेसल रोडवर सगळी ट्रॉलरवाल्यांची वस्ती. माझ्या मित्राची आई नवरा समुद्रावर निघायच्या दिवशी कपडे धुवायची नाही, माणूस वाहून जातो म्हणायची, आणि निरोपाला हातही हलवायची नाही. मी रत्नागिरीच्या खलाशांच्या घरातला, मला त्यात काही विचित्र वाटलं नाही. १९६८ च्या सुरुवातीला महिन्याभराच्या आत तीन ट्रॉलर आर्क्टिकच्या बाजूला बुडाले, ५८ माणसं गेली, एकच वाचला. मग लिलियन बिलोका नावाची मासे साफ करणारी बाई उठली, डोक्याला रुमाल बांधलेल्या बायका घेऊन गोदीवर गेली, दहा हजार सह्या गोळा केल्या आणि लंडनला जाऊन मंत्र्यांना भेटली. प्रत्येक जहाजावर रेडिओ ऑपरेटर पाहिजे ही मागणी मान्य करून घेतली. पुढे तिला स्वतःला मासळीच्या धंद्यात परत काम मिळालं नाही. आम्ही हलला आलो १९७३ ला, तेव्हा ती तिथेच राहायची आणि मोठी माणसं तिच्याबद्दल हळू आवाजात बोलायची, काही कौतुकाने आणि काही नाही. ७६ ला आइसलंडने मासेमारीची २०० मैलांची हद्द पक्की केली आणि आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांचे वडील घरी बसले. त्यातला एक माझा मित्र आता ट्रॉलरवरच्या लोकांच्या आठवणी गोळा करतो. त्याला मी या धाग्यातली डरहॅमच्या बॅनरची आणि काळ्या कापडाची गोष्ट सांगणार आहे. आणि चाफेकळी, डायऱ्यांतली नावं झाकायच्या आधी मूळ कागद तसेच ठेवा, झाकायचं ते प्रतीवर झाका.